सहावी खरंच वाचली का?

प्रश्न : लेकीने वाचनालयातून इंग्लंडच्या आठव्या हेन्रीवरचं, दोन राण्यांची डोकी उडवणाऱ्या राजावरचं, पुस्तक आणलंय. सहा राण्यांपैकी शेवटची कॅथरिन पार तेवढी 'वाचली', असं त्यात आहे. जिच्या लग्नात इंग्रजांना आपली मुंबई आंदण मिळाली, ती हीच का? आणि असल्या नवऱ्यातून सुटल्यावर बाईने पुन्हा लग्न का केलं?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : मुंबईवाली कॅथरिन वेगळी. ती पोर्तुगालची, ब्रागांझा घराण्यातली; तिचं लग्न १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी झालं. मीही शाळेत असताना दोघींची गल्लत करून उत्तरपत्रिकेवर लाल शेरा मिळवला होता. त्यातून हेन्रीच्याच सहांपैकी तिघी कॅथरिन, तेव्हा तुमचा दोष नाही.

कॅथरिन पारचं पहिलं लग्न १५२९ मध्ये झालं आणि चार वर्षांत ती विधवा झाली. दुसरा नवरा लॉर्ड लॅटिमर तिजवर, दोन मुलांचा बाप. १५३७ च्या जानेवारीत बंडखोरांनी स्नेपच्या वाड्यात तिला सावत्र मुलांसकट ओलीस धरलं होतं. १५४३ च्या मार्चमध्ये लॅटिमर गेला. तिचं मन तोवर टॉमस सीमूरवर बसलं होतं. हा हेन्रीच्या तिसऱ्या राणीचा, बाळंतपणात गेलेल्या जेनचा, सख्खा भाऊ. पण मागणी घातली खुद्द राजाने. नाही कोण म्हणणार? जुलैत लग्न लागलं. ती तिशीची, तो ५२ वर्षांचा, पायाची जखम चिघळलेली.

तिला म्हाताऱ्याची शुश्रूषा करणारी म्हणून निकालात काढतात, ते मला पटत नाही. १५४४ मध्ये हेन्री फ्रान्सच्या स्वारीवर गेला तेव्हा राज्य हिच्या हाती होतं. पुढच्याच वर्षी प्रार्थनांचं पुस्तक स्वतःच्या नावाने छापलं. इंग्लंडच्या राणीने असं करण्याची ही पहिलीच वेळ.

आता 'वाचली' म्हणजे कशी, ते बघा. ती राजाशी धर्मावर वाद घाली. १५४६ मध्ये बिशप गार्डिनरने त्याचे कान भरले आणि अटकेचा कागदही तयार झाला. फॉक्स या त्याच शतकातल्या लेखकाने लिहून ठेवलेली हकिगत अशी की, तो कागद कुणाच्या तरी हातून पडला आणि तिच्यापर्यंत पोहोचला. ती तडक राजाकडे गेली. म्हणाली, मी वाद घालते तो तुमचं दुखण्यातलं मन रमावं आणि मला चार गोष्टी शिकता याव्यात म्हणून. स्वारी खूश! दुसऱ्या दिवशी चाळीस शिपाई घेऊन धरायला आलेल्या चॅन्सलरलाच, म्हणजे राज्याच्या बड्या मंत्र्यालाच, राजाने मूर्ख, जनावर म्हणून हाकलून लावलं.

२८ जानेवारी १५४७ ला हेन्री मेला आणि सुतक सरतंय न सरतंय तोच तिने सीमूरशी गुपचूप लग्न केलं. का, ते तिनेच त्याला पत्रात लिहिलंय : मागे मोकळी होते तेव्हाही माझ्या मनात तुमच्याशीच लग्न करायचं होतं. चारांतला हा एकच तिने स्वतः निवडलेला नवरा. आणि हा पठ्ठ्या तिच्याच घरी राहणाऱ्या १४ वर्षांच्या सावत्र मुलीच्या, हेन्रीच्या लेकीच्या एलिझाबेथच्या, खोलीत सकाळी सकाळी घुसू लागला. शेवटी १५४८ मध्ये पोरीला दुसरीकडे धाडावं लागलं. कॅथरिनला तेव्हा दिवस गेले होते, चार लग्नांत पहिल्यांदाच.

३० ऑगस्टला स्यूडलीच्या वाड्यात मुलगी झाली, मेरी. आपल्याकडे सटवीची पूजा होते त्या सुमारास आईला बाळंतज्वराने घेरलं. तापात ती बरळत होती, माझ्याभोवतीच्या माणसांना माझी पर्वा नाही. सीमूर शेजारी आडवा होऊन समजूत घालत होता. ५ सप्टेंबरला ती गेली. हेन्रीनंतर मिळालं ते एवढंच, दीड वर्षाच्या वर थोडं.

पुढच्या मार्चमध्ये राजद्रोहाखाली सीमूरचं डोकं उडवलं. तान्ही मेरी सफोकच्या डचेसकडे गेली. तिने खर्चाच्या तक्रारींची पत्रं पाठवली. १५५० नंतर त्या पोरीचा कागदोपत्री पत्ता लागत नाही. लेकीच्या पुस्तकात तिच्याबद्दल एखादी ओळ सापडली तर मला कळवा.