‘सुंगट’ अशी हाक आली की अजून वाकतो

प्रश्न : ताई, मी डिचोलीचा, वय ४३, सरकारी खात्यात कारकून. लहानपणी बारीक होतो, थोडा वाकून चालायचो. पाचवीपासून वर्गातली चार-पाच पोरं मला ‘सुंगट’, म्हणजे कोळंबी, म्हणायची, दप्तर लपवायची, डबा उपडा करायची. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘तूही दोन ठेवून दे.’ शेवटी मीच युक्ती काढली. ती पोरं दिसली की आधीच कमरेत वाकून सुंगटासारखी उडी मारून दाखवायची. सगळे हसायचे आणि मार टळायचा. परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्यातल्याच एकाने हाक मारली आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वाकलो! मुलगी शेजारी होती. म्हणाली, ‘बाबा, असं का केलंत?’ तेव्हापासून झोप उडालीय. बायको म्हणते, सोडून द्या. चतुर्थीनंतर बॅचचं गेट-टुगेदर आहे. जाऊ का?

उत्तर : वहिनी प्रेमानं म्हणतात, पण सोडून द्यायला ते धरून कुठे ठेवलंय तुम्ही? अंगातच मुरलंय ते. आणि यात लाजण्यासारखं काही नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली मार्चच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पन्नाशीपर्यंत माग ठेवला गेला. ७ आणि ११ व्या वर्षी ज्यांना वरचेवर छळ सोसावा लागला, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता जास्त आढळली, जवळची माणसं कमी. किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे मांडलं. अर्थात ही सरासरी झाली. प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही.

पाठीशी एकही मोठं माणूस नसलेल्या पोरानं काढलेली तुमची युक्ती हुशारीचीच होती. पण तिनं एक खोड लावली : दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच आपल्याला हसून घ्यायचं. ऑफिसात साहेबांसमोर ‘आम्ही काय, साधे कारकून’ असं तुम्ही किती वेळा म्हणता, ते जरा बघा. मला वाटतं, बाजारातल्या त्या वाकण्यापेक्षा रोजचं हे बोलणंच जास्त पोखरतं.

पुढच्या हाकेला वाकायचं नाही, हसायचंही नाही. ‘सुंगट नको, नावानं हाक मार,’ एवढंच. घरी मोठ्यानं म्हणून सवय करा. ऐन वेळी तोंडाला कोरड पडते. समोरचा बहुधा ओशाळेल, कारण त्याच्या लेखी ती गंमत होती. त्यानं चेष्टा चालूच ठेवली तर सरळ पुढे चालू लागा.

गेट-टुगेदरला त्या काळात तुमच्याशी नीट वागलेला एखादा वर्गमित्र येणार असेल तर त्याच्यासोबत जा. नसेल तर नका जाऊ, कुणाला कारणही देऊ नका. मुलीला मात्र खरं सांगा. उद्या तिच्या वर्गात असं काही झालं, तर ती कुणाकडे येणार?

झोप दोन आठवडे अशीच राहिली किंवा जीव नकोसा वाटला, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं. बांबोळीला मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे, तिथली ओपीडी तुमच्यासारख्यांसाठीही आहे. तिथे गेलं म्हणजे वेड लागलं, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.