किती जवळ म्हणजे जवळ?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लेकीचे पहिले अवघड आठवडे पार पडले, रक्तातल्या कर्करोगाच्या पेशी आटोक्यात आल्या आणि डॉक्टर आता येऊन-जाऊन उपचार करू म्हणतात, हे वाचून मनावरचं मोठं ओझं उतरलं. आता तुझ्यापुढे घराचा प्रश्न आहे. रुग्णालयासमोरच्या इमारतीत दोन खोल्या मिळताहेत. दुसरं घर पाऊण तासावर आहे. तिथे शाळा आहे, मैदान आहे, थोरल्याच्या वयाची मुलं आहेत. बायकोला पहिलं हवंय, तुझं मन दुसऱ्याकडे ओढतंय, आणि दुसरं म्हटलं की आपण लेकीशी प्रतारणा करतोय असं तुला वाटतं.

मुलांच्या कर्करोग विभागात समाजसेविका म्हणून इतकी वर्षं काम करताना हा पेच मी अनेक घरांत पाहिला. बहुतेक जण समोरचं घर घेतात. भीतीने घेतात, आणि ती भीती खोटी नसते. तरी तू माझं मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते: तुमच्यासाठी मला दुसरं घर बरं वाटतं, पण एका अटीवर. ती अट तू किंवा मी नाही, तुमच्या डॉक्टरांनी घालायची आहे.

पुढच्या भेटीत त्यांना नेमकं असं विचार: ‘हिला मध्यरात्री ताप आला, तर घरातून निघाल्यापासून किती मिनिटांत ती तुमच्या हाती हवी?’ ‘जवळ असलेलं बरं’ असं मोघम उत्तर आलं, तर संकोच न करता पुन्हा विचार. उत्तर मिनिटांत यायला हवं, कारण सगळा हिशेब तापाभोवती फिरतो. केमोमुळे तिच्या पांढऱ्या पेशी उतरतात. त्यातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पेशी, ज्यांना वॉर्डात सगळे नुसतं ‘काउंट’ म्हणतात, त्या एका मायक्रोलिटरला ५००च्या खाली गेल्या की साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास पारा गेला की घरी औषध देऊन वाट पाहायची नाही, लगेच फोन करायचा आणि निघायचं. नेमका आकडा तुमच्या विभागाने दिलेल्या कार्डावर असेल, तोच पाळ. रुग्णालयात पोचल्यावर साधारण तासाभरात शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस जावा, असा सगळ्या विभागांचा प्रयत्न असतो.

म्हणजे खरा प्रश्न हा, की तो पहिला डोस कुठे मिळणार. तो तुमच्या मोठ्या केंद्रातच मिळायला हवा असं प्रत्येक वेळी नसतं. ब्रिटनमध्ये तर तशी व्यवस्थाच आहे: उपचारांची दिशा मुख्य केंद्र ठरवतं, आणि ताप, रक्ताच्या तपासण्या, रक्त चढवणं यातलं बरंचसं काम घराजवळच्या रुग्णालयातला, त्या केंद्राशी जोडलेला मुलांचा विभाग करतो. तुझ्याकडे अशी व्यवस्था असो वा नसो, त्या पाऊण तासावरच्या वस्तीजवळ कोणतं रुग्णालय आहे ते बघून ये. रात्री तिथे मुलांचे डॉक्टर हजर असतात का, की बोलावून घ्यावे लागतात? लेकीच्या छातीतल्या पोर्टला (औषध थेट शिरेत जावं म्हणून कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीला) सुई लावता येणारी सिस्टर कुठल्या पाळीला असते? ताप आलेल्या अशा मुलाला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात, की थेट आत घेतात? उत्तरं समाधानकारक असली, तर तुमच्या डॉक्टरांकडून त्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी घे. आजार काय, पोर्ट कुठला, तापात कोणतं अँटिबायोटिक द्यायचं आणि रात्री कोणाला फोन करायचा, एवढं एका पानावर मावतं. ते पान आणि त्याच्या दोन प्रती दाराजवळच्या पिशवीत ठेव. हे जमलं तर ते पाऊण तासाचं अंतर तुला एवढं भेडसावणार नाही.

वॉर्डातले इतर आईबाप तुला आपापल्या अनुभवातून सल्ले देतील, आणि ते परस्परांविरुद्ध असतील. गोंधळू नकोस. ज्यांच्या मुलाचं डायलिसिस मशीनवर चालतं, त्यांना आठवड्यातून साधारण तीनदा यावं लागतं आणि दर वेळी चार-एक तास बसावं लागतं. त्यांनी जवळ राहावं हेच शहाणपणाचं. बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर बहुतेक केंद्रं पहिले १०० दिवस हाकेच्या अंतरावर राहायला सांगतात, तिथेही वाद नको. उलट फिट येणाऱ्या मुलाचं पाहा. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला की तातडीची मदत लागते, आणि ती कुठल्याही जवळच्या रुग्णालयात मिळाली तरी चालते. त्या आईबापांना मेंदूविकारतज्ज्ञ वर्षातून काही वेळाच लागतो. घरी व्हेंटिलेटर किंवा ऑक्सिजनचं यंत्र असलेल्या मुलाचे पालक तुला आधी वीज किती वेळा जाते ते विचारायला सांगतील. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर आहे. तुझ्या लेकीचा आजार वेगळा आहे, तिचं वेळापत्रक वेगळं आहे.

ते वेळापत्रक नीट समजून घे, कारण घर त्यावर ठरतं. हा उपचार एकूण दोन ते तीन वर्षं चालतो. पहिले काही महिने दमवणारे असतात: सारख्या फेऱ्या, मधूनच चार-पाच दिवसांची भरती. मग मेंटेनन्सचा लांबलचक टप्पा येतो. त्यात रोजच्या गोळ्या घरीच द्यायच्या असतात आणि रुग्णालयातल्या फेऱ्या बऱ्याच विरळ होतात. म्हणजे या काळातले तिचे बहुतेक दिवस घरात, अंगणात आणि पुढे शाळेत जातील. समोरच्या दोन खोल्या पहिल्या काही महिन्यांना सोयीच्या आहेत, पण तू घर शोधतोयस ते दोन-अडीच वर्षांसाठी.

त्या वाईट आठवड्यांसाठी वेगळी सोय करता येते. मोठ्या बाल रुग्णालयांजवळ पालकांसाठी निवास असतात. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात पहिलं ‘रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस’ उघडलं. त्यामागे होत्या कर्करोगतज्ज्ञ डॉ. ऑड्री इव्हान्स आणि फ्रेड हिल नावाचा अमेरिकन फुटबॉलपटू. त्याच्या लहानग्या मुलीला तुझ्या लेकीसारखाच रक्ताचा कर्करोग होता, आणि दुरून आलेली कुटुंबं मुलांच्या उशाशी खुर्च्यांवर रात्री काढतात हे त्याने स्वतः पाहिलं होतं. आज अशी घरं अनेक देशांत आहेत, आणि त्याच धर्तीवर इतर संस्थांचीही आहेत. तुझ्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन आजच नाव नोंदव. लागलं नाही तर उत्तमच.

आता घराकडे वळू. जागा बघायला रविवारी सकाळी जाऊ नकोस. कामाच्या दिवशी संध्याकाळी, सगळे घरी परतत असतात त्या वेळी वस्तीपासून रुग्णालयापर्यंत गाडी चालवून बघ, आणि एकदा रात्री उशिरा. घड्याळ रुग्णालयाच्या फाटकाशी थांबवू नकोस: गाडी लावून, लिफ्टची वाट पाहून, वॉर्डाच्या दारापर्यंत पोचेपर्यंतचा वेळ मोज. ठरलेल्या फेरीच्या दिवशी हे अंतर उपयोगीसुद्धा पडतं. पोर्टला सुई लावण्याआधी त्वचा बधिर करायची जी क्रीम देतात, तिला काम करायला साधारण तासभर लागतो. घरातून निघताना ती पोर्टवर जाडसर लावायची, वर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि गाडीत लेकीशी गप्पा मारायच्या. पोचून नंबर लागेपर्यंत कातडी बधिर होते आणि सुई लागताना रडारड पुष्कळ कमी होते. (तापाच्या रात्री मात्र क्रीमसाठी थांबायचं नाही.)

जिने मोज. ही गोष्ट घर बघताना कोणाच्याच लक्षात येत नाही. तिला जी औषधं मिळतात त्यांतल्या व्हिन्क्रिस्टिनमुळे काही मुलांच्या पायातली ताकद कमी होते, पाऊल पुढून उचललं जात नाही, चालताना पाय घासतो. स्टेरॉइडच्या दिवसांत मांड्यांचं बळ जातं, भूक अवेळी लागते, आणि चार वर्षांचं शहाणं लेकरू क्षणात संतापतं नि क्षणात रडतं. अशा दिवशी लिफ्ट नसलेला तिसरा मजला म्हणजे तिला उचलून नेणं, आणि तेही कडेवर धरलं तर पोर्ट दुखतो म्हणून हळूहळू. तळमजला किंवा चालू लिफ्ट, आणि तिच्या खोलीच्या अगदी लगत संडास, एवढं तरी बघच.

बांधकामाकडेही लक्ष दे. जुन्या भिंती पाडताना, माती उकरताना जी धूळ उडते, तिच्यात ॲस्परजिलससारख्या बुरशीचे कण असतात. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, काउंट उतरलेल्या मुलाच्या फुप्फुसात मात्र ती बुरशी घर करू शकते. मोठ्या रुग्णालयांच्या आसपास काही ना काही बांधकाम चालूच असतं, तेव्हा समोरच्या इमारतीची ही बाजूही बायकोला सांग. आणखी एक गोष्ट, जी आईबापांना नंतर कळते: केमो घेणाऱ्या काही मुलांना रुग्णालयाचं नुसतं फाटक दिसलं, तिथला वास आला, तरी मळमळायला लागतं. औषध अंगात जायच्या आधीच. खिडकीतून दिवसभर तीच इमारत दिसत राहावी असं मला तरी तुमच्या लेकीसाठी वाटत नाही.

शाळेत स्वतः जा. लसीकरणाच्या नोंदी ठेवतात का, हे मुख्याध्यापकांना विचार. गोवर आलेलं मूल वर्गातून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि गोवर पसरू नये यासाठी आजूबाजूच्या सुमारे ९५ टक्के लोकांना लस मिळालेली असावी लागते. उपचार चालू असताना तुझ्या लेकीला ही लस देता येत नाही, तिचं रक्षण भोवतालच्या मुलांवर अवलंबून आहे. थोरल्याचं आणि तुम्हा दोघांचं लसीकरण पूर्ण आहे ना, तेही तपास. त्याच्या वर्गशिक्षिकेशी एवढंच ठरवून ठेव, की वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी तुला फोन यावा, दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर नको. अशा संपर्कानंतर द्यायची औषधं वेळेतच द्यावी लागतात, म्हणून तू लगेच विभागाला कळवायचं. हे ऐकून शिक्षिका वही काढून तुझा नंबर लिहून घेते की ‘बघू’ म्हणते, त्यावरून तुला शाळा कळेल.

थोरल्याविषयी तू पत्रात एकच ओळ लिहिलीस: ‘तो समजूतदार आहे.’ आठ वर्षांचा मुलगा समजूतदार झाला की मला काळजी वाटते. गेले कित्येक आठवडे त्याने काही मागितलेलं नाही, कारण मागायची जागाच त्याला दिसत नाही. त्याला दार उघडून बाहेर पळता येईल असं मैदान हवं, आणि ज्यांना बहिणीच्या आजाराशी काही देणंघेणं नाही असे दोन मित्र हवेत. समोरच्या दोन खोल्यांत त्याला हे कुठून मिळणार? घराच्या निवडीत त्याचा हक्क धाकटीइतकाच आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि या एका मुद्द्यावर मी तुझ्या बायकोशीही बोलायला तयार आहे.

राहता राहिला शेजार. रात्री दोन वाजता तुम्ही दोघं लेकीला घेऊन निघालात, तर थोरल्याजवळ कोण? प्रत्येक वस्तीत माणसं चांगलीच असतात, पण तुला असं एक घर हवं, ज्याची बेल त्या वेळी वाजवता येईल. राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच दोन-तीन घरी जा. आजाराचं नाव घे, लपवू नकोस. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही हेही स्पष्ट सांग, कारण विचारायला लोक लाजतात आणि मुलांना लांब ठेवतात. मग थेट विचार: ‘कधी रात्री जावं लागलं तर मुलगा तुमच्याकडे झोपेल का?’ मोघम मदतीला सगळेच हो म्हणतात आणि वेळेला कोणाला काय करायचं ते सुचत नाही. नेमकं काम सांगितलं की माणसं मनापासून करतात. त्यांच्याकडे कोणाला सर्दी-ताप असेल तर तेवढे दिवस लेकीपासून लांब राहा, एवढं मात्र त्यांना सांगून ठेव.

तुमच्या दोघांच्या कामाचं काय करायचं, ते मला इथून सांगता येणार नाही. पण एकाला तरी आयत्या वेळी काम टाकून निघता येईल, हे आधी ठरवा आणि मग भाड्याच्या कागदावर सही करा. करार करताना मुदतीआधी घर सोडण्याची अट मागून घे. उपचारांत काही बदल झाला तर अडकून पडायला नको.

बायकोला हे पत्र वाचून दाखव, आणि डॉक्टरांना प्रश्न तिलाच विचारू दे. उत्तर तिने स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं. त्यांनी पाऊण तास चालेल म्हटलं आणि जवळच्या रुग्णालयाची पाहणी नीट झाली, तर त्या वस्तीतलं घर घ्या. त्यांनी अर्धा तास सांगितला, तर दोन्ही घरं सोडा आणि मधल्या वस्त्या बघायला लागा. त्यासाठी मीही फोन करून ओळखीच्यांकडे चौकशी करेन. तोवर कोणाला होकार देऊ नका.

भेट झाली की मिनिटांचा आकडा कळव.

तुझी,
ताई