स्वॅप किती, कुठे आणि कशाला?

लिनक्स टाकताना स्वॅपचं, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायला डिस्कवर राखलेल्या जागेचं, काय करायचं, हे विचारणारे निरोप थांबत नाहीत. यावेळी पाच घेतो.

सर, रॅम १६ जीबी आहे. दुप्पट म्हणजे ३२ जीबी स्वॅप ठेवू ना? (धरमपेठ)
नको. दुपटीचा हिशेब रॅम एमबीत मोजायची तेव्हाचा. ब्राउझर आणि ऑफिसकामाला ४ जीबी पुष्कळ. हायबरनेट (उघडं काम जसंच्या तसं जपून मशीन बंद करणं) वापरणार असाल तर मात्र रॅमइतका ठेवा, कारण मशीन बंद होताना रॅममधला ऐवज स्वॅपमध्येच लिहिला जातो. मोठी सिम्युलेशन्स चालवत असाल तर ते सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याला आधी विचारा.

स्वॅपला पार्टिशनच (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) हवं की फाइल चालेल? (मनीषनगर)
फाइल चालते, वेगात फरक जाणवत नाही. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) १७.०४ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये फाइलच देतं.

सीताबर्डीतला एक दुकानदार म्हणतो, स्वॅप वाढवून मशीन फास्ट करून देतो. पैसे देऊ का? (इतवारी)
एक रुपयाही नाही. स्वॅप डिस्कवर असतो आणि डिस्क, अगदी चांगली एसएसडीसुद्धा, रॅमपेक्षा बरीच हळू. रॅम कमी पडत असेल तर रॅमच घ्या. ती खरंच कमी पडते का, हे टर्मिनलमध्ये 'फ्री' आदेश देऊन 'अव्हेलेबल'च्या रकान्यात बघा; अजून वापरता येईल अशी रॅम तिथे दिसते. स्वॅप थोडा वापरात दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

होमचं (माझ्या फाइली असलेलं) पार्टिशन पुढे सरकवून मधे स्वॅपला जागा करतो आहे. बॅकअप नंतर घेतला तर चालेल? (हिंगणा रोड)
भाऊ, नाही चालणार! पार्टिशनची सुरुवात सरकवली की आतला सगळा डेटा डिस्कवर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लिहावा लागतो. मोठ्या हार्डडिस्कवर याला कित्येक तास लागतात. आपल्याकडे मे महिन्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि मधेच गेली तर अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे. "मित्राने केलं, काही झालं नाही" हे मला सांगू नका. मित्राच्या घरी वीज गेली नव्हती, एवढंच त्यातून कळतं. दुसरा धोका 'एमकेस्वॅप' (mkswap) या स्वॅप तयार करणाऱ्या आदेशाचा. एसडीए आणि एसडीबी या डिस्कच्या नावांत गल्लत झाली तर तो भलत्याच पार्टिशनवर स्वॅपची खूण लिहून मोकळा होतो. म्हणून आधी वेगळ्या डिस्कवर बॅकअप घ्या, त्यातल्या दोनचार फाइली उघडून बघा, यूपीएस जोडा आणि 'एलएसबीएलके' (lsblk) आदेशाने डिस्कचं नाव तपासा. "रविवारी घेईन" म्हणणाऱ्यांचा रविवार कधीच येत नाही. मुळात एवढा खटाटोप कशाला? फाइल करा, काहीच सरकवावं लागत नाही. तरी पार्टिशनच हवं असेल, तर जाणकार शेजारी बसवून करा.

स्वॅप नव्याने फॉरमॅट केल्यापासून बूटला दीड मिनिट लागतं. डिस्क गेली का? (महाल)
बहुधा नाही. फॉरमॅटनंतर स्वॅपचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो आणि सिस्टीम जुन्याची ९० सेकंद वाट बघत बसते. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्या यादीच्या फाइलमध्ये, /etc/fstab) नवा लिहा. तरी फरक पडला नाही तर मशीन जाणकाराला दाखवा, आणि नेण्याआधी बॅकअप.