युरोव्हिजन या युरोपातल्या दरवर्षीच्या गाण्याच्या स्पर्धेतलं कायम लक्षात राहिलेलं सादरीकरण कोणतं?

माझं मत डोळे झाकून साल्वादोर सोब्रालला. २०१७, कीव्ह. बाकीच्यांचे नाच, आगीचे लोळ, झगमगाट चाललेला आणि हा पोर्तुगालचा पठ्ठ्या ढगळा कोट घालून प्रेक्षकांच्या मधोमध छोट्याशा मंचावर एकटाच उभा. गाणं बहिणीनं, लुईझानं लिहिलेलं, तेही पोर्तुगीजमध्येच. हातांची बोटं हवेत वळवत, मध्येच डोळे मिटून इतकं हळू गायला की सगळं सभागृह कान देऊन ऐकू लागलं. हृदयाच्या आजारामुळे सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी बहीणच उभी राहिली होती. ज्यूरी आणि प्रेक्षक, दोन्हीकडे पहिला; ७५८ गुण! पोर्तुगाल १९६४ पासून भाग घेत होतं, जिंकलं ते तेव्हाच पहिल्यांदा. विजयानंतर पुन्हा गाताना त्यानं बहिणीलाही सोबत घेतलं. ते नक्की बघा.

अगदी उलट टोक हवं असेल तर २००६, अथेन्स: फिनलंडचा बँड लॉर्डी. राक्षसांचे मुखवटे चढवून हार्ड रॉक, आणि चक्क पहिला नंबर.

आणि स्वीडनचा पॉप गट आबा (ABBA): १९७४, ब्रायटन. ते सगळ्यांना माहीतच आहेत. पण ‘वॉटर्लू’ या गाण्याला त्यांचा वाद्यवृंद-संचालक नेपोलियनच्या वेशात आला होता, तेवढं मात्र चुकवू नका.