डुकराच्या कातडीचा कुरकुरीत पदार्थ घरी जमतो का? मुंबईत कातडी कुठे मिळेल?

जमतो, पण घाई नडते. तत्त्व आपल्या कुरडईचंच: आधी शिजवा, मग खडखडीत वाळवा, मग कडकडीत तेलात फुलवा. कातडी मऊ होईपर्यंत उकळायची. गार झाली की आतल्या बाजूची चरबी सुरीने खरवडून काढायची, अगदी निगुतीने, कारण चरबी राहिली तिथे ती फुलत नाही. मग तुकडे करून वाळवायचे. कातडीत उरलेल्या किंचित पाण्याची तेलात वाफ होते आणि तीच तुकडा फुगवते. पाणी जास्त राहिलं तर फुगणं बाजूला, तेल अंगावर येतं. मी पावसाळ्यात, जुलैच्या दमट हवेत पंख्याखाली वाळवायचा शहाणपणा केला होता. हातावरचा डाग अजून आहे. ओव्हन असेल तर मंद आचेवर काही तास ठेवा.

कातडी सुटी क्वचितच मांडलेली दिसते. वांद्रे, वसईकडे पोर्क विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. आपल्याकडे ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती) आणि गोवेकर घरांत सोरपोतेल नावाच्या पोर्कच्या रश्शात कातडी चरबीसकट जाते, म्हणून ती वेगळी तळायची फारशी रीत नाही.

मेक्सिकोत याला चिचारोन म्हणतात, हिरव्या साल्सात शिजवूनही खातात. फिलिपिन्समध्ये व्हिनेगरात बुडवतात. थायलंडात चिआंग माईला भाजलेल्या हिरव्या मिरच्यांच्या चटणीसोबत देतात. ती जवळपास आपला ठेचाच, म्हणून माझं मत तिला.