स्टॉकहोममध्ये चार मित्रांना एकच दिवस मोकळा मिळाला, तर काय बघावं आणि काय खावं?

प्रश्नासोबत तुम्ही बारा ठिकाणांची यादी दिली आहे आणि चौघांत एक शाकाहारी आहे असंही लिहिलं आहे. यादीतली आठ ठिकाणं आत्ताच खोडा. मी तीन वर्षं उप्सालाला नोकरीला होतो, तिथून स्टॉकहोम आगगाडीनं पाऊण तासाच्या आत. पुण्याहून कोणीही आलं की मलाच वाटाड्या व्हायला लागायचं. पहिल्या दोन वेळी पाहुण्यांना इतकं पळवलं की संध्याकाळी त्यांना पाय सोडून काहीच आठवत नव्हतं. तिसऱ्या खेपेला, सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, कॉलेजचे तिघं आले तेव्हा शहाणा झालो होतो. तुमच्यासारखाच आमच्यातही एक शाकाहारी, त्यामुळे तोच दिवस सांगतो.

सकाळ फक्त वासा संग्रहालयाला द्या. स्टेशनजवळून सात नंबरची ट्राम युर्गोर्डन बेटावर सोडते. सप्टेंबरपासून संग्रहालय दहाला उघडतं, दहालाच दारात उभे राहा. आत काळोख आणि गारवा असतो, लाकूड जपायचं म्हणून. डोळे सरावले की समोर एक अख्खं जहाज उभं दिसतं, जवळपास सत्तर मीटर लांब, मागच्या बाजूला सिंह, योद्धे, राजे असं कोरीव काम खच्चून भरलेलं. आमचा सांगलीकर, जो कुठेही दहा मिनिटांवर टिकत नाही, तो तिथे दोन तास होता.

कारण गोष्टच तशी आहे. 10 ऑगस्ट 1628 ला 'वासा' हे जहाज पहिल्यांदा निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता, लोक काठावरून बघत असताना, बुडालं. राजाला तोफांचे दोन मजले हवे होते, 64 तोफा चढवल्या. वरचा भार जास्त, पाण्याखालचं अंग अपुरं. आधी धक्क्यावर तीस माणसांना या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डुलायला लागलं की चाचणीच थांबवली, जहाज नाही. पुढे वाऱ्याच्या झोतानं ते कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं. मग रीतसर चौकशी. जहाज बांधणारा मुख्य मिस्त्री आदल्याच वर्षी वारला होता, त्यामुळे शिक्षा कोणालाच नाही. हे ऐकून सांगलीकर म्हणाला, "अरे, हे तर आपलंच खातं!"

बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. म्हणून 333 वर्षांनी, 1961 मध्ये, जहाज जवळजवळ सगळं वर आलं. वरच्या मजल्यांवरून बघून झालं की खाली उतरून खलाशांचे जोडे बघायला विसरू नका. सुकलेलं कातडं, पुढून जरा वर वळलेलं, कोणीतरी आत्ताच काढून ठेवल्यासारखं.

बाहेर पडून पाच-दहा मिनिटं चाललं की जुन्या गावाजवळच्या स्लुसेन धक्क्याला जाणारी फेरीबोट मिळते. ट्राम-मेट्रोचं तिकीट तिच्यावर चालतं आणि 75 मिनिटं वैध असतं. बोटीच्या फेरफटक्याचे वेगळे पैसे घालवू नका, पाण्यावरून शहर याच बोटीतून दिसतं.

जेवण उपाहारगृहात दुपारीच करा, रात्री नाही. आठवड्याच्या दिवसांत 'दागेन्स लंच' मिळतं: एक मुख्य पदार्थ, सॅलड, पाव, लोणी, शेवटी कॉफी, सगळं एकाच दरात. दोनच्या आसपास ते संपतं. गुरुवारी बऱ्याच ठिकाणी पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि नंतर जॅम लावलेले पॅनकेक असतात. ही जुनी रीत, सैन्यातही पाळतात. सूपात टेबलावरची मोहरीची चटणी आपण ढवळायची. चवीला फोडणी विसरलेली उसळ म्हणा, पण बाहेर रिमझिम असेल तर दुसरी वाटी मागाल. मात्र त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. 'उतान फ्लेस्क?' म्हणजे डुकराच्या मांसाशिवाय आहे का, एवढं आधी विचारा. आमच्या शाकाहारी मित्राला नाही मिळालं, त्यानं चार पॅनकेक खाऊन सूड घेतला. बाकी दोघांनी मीटबॉल्स घेतले, सोबत बटाटा, पांढरट रस्सा, लिंगनबेरीचा आंबटगोड जॅम. मांसासोबत जॅम ही कल्पनाच सांगलीकराला पटली नाही. ताट मात्र त्यानंच आधी पुसलं.

मग पायी गाम्ला स्तान, म्हणजे जुनं गाव. 36 पायऱ्यांची, एका ठिकाणी फक्त 90 सेंटिमीटर रुंद अशी एक गल्ली आहे, तिथे फोटो होतोच. मोठ्या चौकात 1520 साली डॅनिश राजानं सरदारांची, धर्मगुरूंची मुंडकी उडवली; आज तिथे आईस्क्रीम खातात. चौकातल्याच नोबेल संग्रहालयाच्या कॅफेत खुर्ची उलटी करून बघा. पारितोषिक विजेते खुर्च्यांच्या बुडाला सह्या करतात. राजवाडा बाहेरून पुरे.

चारच्या सुमाराला बसा कॉफीला. दालचिनीचा पाव सगळेच सांगतील, तुम्ही वेलदोड्याचा घ्या, 'कार्डेमुम्माबुल्ले'. गाठ मारल्यासारखा वळलेला, वर भरड कुटलेला वेलदोडा आणि साखर. पाव तोडला की आत काळे ठिपके दिसतात आणि थेट श्रीखंडाचा वास येतो. आमचं बोलणं तिथे दोन मिनिटं बंद पडलं. पुष्कळ ठिकाणी दुसरा कप कॉफी फुकट असते, विचारून घ्या.

त्यानंतर टी-सेंट्रालेन या मेट्रो स्टेशनात निळ्या लाइनच्या फलाटावर उतरा. उघड्या खडकावर निळ्या वेली रंगवल्या आहेत, आणि छताजवळ ते स्टेशन खोदणाऱ्या कामगारांच्या आकृत्या. शेवट सॉदरमाल्म बेटावरच्या मोन्टेलिउसवेगेन या पायवाटेवर. खाली मेलारेन सरोवर, पलीकडे नगरभवनाचा लाल विटांचा मनोरा. दुकानातून पाव-चीज घेऊन बाकावर बसलात की रात्रीचं जेवणही तेच. जॅकेट हवंच, वारा बोचतो.

तुमचा दिवस रविवार असेल तर दागेन्स लंच विसरा आणि सूपही. आणि नोटा बदलून नेऊ नका, सगळीकडे कार्ड. सांगलीकरानं पुण्याहून हौसेनं आणलेले क्रोनर कॅफेतही घेतले नाहीत, ट्राममध्येही नाहीत. जाताना माझ्या हातात कोंबून गेला, "तूच खर्च कर." मलाही जमलं नाही, अजून पासपोर्टच्या पाकिटात आहेत.