नागपूरहून शनिवार-रविवार फक्त खाण्यासाठी रत्नागिरीला जायचं असेल तर आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की शुक्रवारी ऑफिस करून निघायचं आणि सोमवारी दुपारपर्यंत नागपूर गाठायचं. भर खाण्यावर आहे आणि दोघांपैकी एक जण मासे खात नाही. हे जमतं. पण एक हिशेब आधी मनात पक्का करा: तुमच्या हाती दोन नाश्ते, दोन दुपारची आणि दोन रात्रीची जेवणं आहेत. त्यात ताज्या माशांची खरी जेवणं फक्त दोन, दोन्ही दुपारची. सगळी आखणी त्या दोन दुपारींभोवती करा.

आधी प्रवास. रस्त्याने रत्नागिरी हजारेक किलोमीटर पडते, म्हणून दोन दिवसांसाठी गाडीचा विचार सोडा. समृद्धी महामार्गावरचे 701 किलोमीटर झटपट संपतात, पण त्यापुढचा कोकणाचा रस्ता तसा नाही. सोपा मार्ग म्हणजे शुक्रवारी संध्याकाळचं मुंबईचं विमान आणि तिथून रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस. ती सीएसएमटीहून अकरानंतर सुटते, दादर, ठाणे, पनवेलला थांबते आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास रत्नागिरीत पोचते. विमान आठपर्यंत मुंबईत उतरणारं घ्या. उशीर झालाच तर ठाण्याला गाडी पकडता येते, म्हणून तिकीट काढतानाच चढण्याचं स्टेशन विचारपूर्वक टाका. परतीलाही रविवारी रात्री कोकणकन्याच. सोमवारचं विमान सकाळी नऊच्या आधीचं नको. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. गणपती, शिमगा आणि मे महिना टाळलेला बरा. गणपतीत तर खानावळींतली माणसंच आपापल्या गावी गेलेली असतात.

कधी जावं? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात ताटात येतो तो खाडीतला नाहीतर बर्फातला मासा, तेव्हा ते दोन महिने नकोच. नुसत्या माशांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पण तुमच्यापैकी एक जण शाकाहारी आहे, त्यामुळे मी मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य सुचवेन. तेव्हा ओले काजू असतात, कोवळा फणस असतो, हापूस सुरू झालेला असतो आणि मासळीही असते. हापूस मात्र तेव्हा महागच असणार.

रत्नागिरी स्टेशन शहरापासून पाच-सहा किलोमीटर आहे. मुक्काम शहरातच घ्या, मांडवीच्या बाजूला मिळाला तर छान. पहाटे खोली मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा. यजमान घरगुती असतील तर आणखी एक विचारा: आम्ही मासे आणले तर करून द्याल का? हो म्हणाले तर शनिवारी सकाळी बॅग टाकून थेट मिरकरवाडा बंदर गाठा.

तिथे सुरमई-पापलेटमागे धावू नका. ते मासे आपल्याकडेही बर्फात येतात. नागपुरात ज्याची चव कधीच नीट कळत नाही तो बांगडा, सौंदाळे, मुडदुशे आणि तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या. बांगड्यात तेल भरपूर असतं, म्हणून तो लवकर उतरतो. सकाळचा बांगडा आणि दुसऱ्या दिवशीचा बांगडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. घेताना कल्ला उघडून पाहा. लालभडक असेल तर ताजा, तपकिरी आणि चिकट असेल तर पुढे चला. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. पोटावर बोट दाबलं की खड्डा लगेच भरून यायला हवा. बांगड्याचं पोट मऊ पडलेलं असेल तर बाकी सगळं चांगलं दिसलं तरी घेऊ नका, कारण तो आधी पोटाकडूनच बिघडतो.

तिसऱ्या वाट्यावर मिळतात, एका माणसाला एक वाटा पुरतो. शिंपल्या घट्ट मिटलेल्या हव्यात. एखादी उघडी दिसली तर तिला टिचकी मारा. मिटली तर जिवंत आहे, नाही मिटली तर टाका. शिजवल्यावर नियम उलटा होतो: न उघडलेली खाऊ नये. एकशिपी करा म्हणून सांगा, म्हणजे मांस एका शिंपलीत तसंच ठेवून ओल्या खोबऱ्यात सुकं करतात.

खानावळीत जेवणार असाल तर कार्ड हातात घेण्याआधी विचारा, “आज काय आलंय?” उत्तरात एक-दोन मासे चटकन सांगितले तर तेच मागवा. सगळं आहे म्हणाले तर बरंचसं फ्रीजरमधलं आहे असं धरून चाला. शनिवारी साडेबाराला, रविवारी सव्वाबाराला पोचा. सोमवार-गुरुवार पाळणारे बरेच असतात आणि रविवारी अख्खं गाव मासे खातं, म्हणून रविवारी एकनंतर रांग लागते. तीनला चुली बंद. पापलेट आणि खेकड्यांचा दर आकारावर ठरतो, तो ताट येण्याआधी विचारायचा.

आपल्या सावजी जिभेला एक गोष्ट सांगून ठेवावी लागते. इथल्या कालवणावर तर्री येत नाही. खोबऱ्याचं दाटपण, आमसुलाची आंबट धार आणि बांगड्यात तिरफळ या मसाल्याचा तो जिभेला हलकी झिणझिणी आणणारा वास, एवढ्यावर ते उभं असतं. पहिल्या घासाला ते फिकं वाटेल. वरून तिखट मागू नका. भातात कालवून चार घास खा, मग माशाची गोडी कळायला लागते. तिरफळ चावायचं नसतं, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं.

शाकाहारी माणसाला माशांच्या खानावळीत नेऊन वरण-भातावर भागवू नका, ती या सहलीतली सगळ्यात मोठी चूक ठरेल. घरगुती शाकाहारी जेवण देणारे इथे बरेच आहेत, पण ते मोजून रांधतात. दुपारसाठी आदल्या रात्री, निदान सकाळी नऊच्या आत फोन करा. मागायचं काय, तर ओल्या काजूंची उसळ, फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी. नाश्त्याला एक दिवस मऊभात, मेतकूट आणि तूप, दुसऱ्या दिवशी घावन आणि नारळाचा रस. उकडीचे मोदक आदल्या दिवशी नगावर सांगून ठेवा आणि गरम असतानाच तिथेच बसून खा. निवले की पारी चिवट होते, डब्यात नेण्याचा तो पदार्थच नाही. दोन्ही रात्री दोघांनीही हेच जेवण घ्यावं असं माझं मत आहे. संध्याकाळचा मासा बहुधा सकाळचाच उरलेला असतो.

गणपतीपुळ्याला जायचं झालं तर शनिवारी दुपारी चारनंतर, आरे-वारेच्या किनाऱ्याने. थिबा राजवाडा रविवारी नाश्त्यानंतर पाहून होतो.

आता सोबत काय आणायचं. ओले मासे विमानातून आणण्याच्या भानगडीत पडू नका. बर्फाचं पाणी गळतं आणि काउंटरवरच अडवतात. सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी आणा. ते गुलाबी-केशरी हवेत, हाताला ओलसर लागता कामा नयेत आणि वास डोळ्यांत झोंबता कामा नये. दुहेरी पिशवीत बांधा आणि घरी आल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा. आमसुलं, तिरफळ आणि आगळ नक्की घ्या. आगळ म्हणजे साखर न घातलेला, खारवलेला कोकमाचा रस. सरबताची बाटली वेगळी असते, लेबल वाचा. घरी सोलकढी करताना एका नारळाच्या दुधाला चार-पाच मोठे चमचे आगळ, दोन लसणाच्या पाकळ्या आणि एक हिरवी मिरची घ्या. नारळ कोमट पाण्यात वाटा. मीठ सगळ्यात शेवटी चव पाहून घाला, आगळात ते असतंच. कढी गरम केली तर फाटते.

हापूस घेतलात तर कडक, तयार होत आलेला घ्या. पिकलेला प्रवासात दबतो. नागपुरात पोचल्यावर पेटी बंद ठेवू नका. सगळ्यात थंड खोलीत, जमिनीवर कागद टाकून एका थरात देठ खाली करून मांडा, पण कूलरच्या झोतात नको. त्या दमट हवेने देठाकडून काळे डाग पडायला लागतात. फ्रीजमध्ये कच्चा आंबा ठेवायचाच नाही, पूर्ण पिकल्यावर मात्र दोन-तीन दिवस चालतो.